सोडण्याचे कारण

अर्जदार : श्रीपती ज्ञानू चौगुले, वय बावन्न वर्षे, धंदा अर्जलेखन, शिक्षण नववी, राहणार कोल्हापूर.

जाबदार : कु. ऋतुजा श्रीपती चौगुले, वय एकवीस वर्षे, धंदा शिक्षण, हल्ली मुक्काम पुणे. अर्जदाराशी नाते, एकुलती मुलगी.

साक्षीदार : पहिली, सौ. मंगल, अर्जदाराची पत्नी, जिने सर्व प्रकार पाहिला व वेळोवेळी बोलूनही दाखविला. दुसरे, श्री. साळोखे, एका महाविद्यालयातील कारकून, ज्यांच्या हातून दाखला निघाला. तिसरी, पंचगंगा नदी, जी त्या आठवड्यात रोज वर येत होती व जिच्यावर समन्स बजावता येत नाही.

मुद्देमाल : खिडकीतील सात दगड. पैकी एक सध्या लोणच्याच्या बरणीत.

घटनेचा काळ : दोन पावसाळ्यांपूर्वीचा आषाढ.

तक्रारीचे स्वरूप : एका रकान्यात लिहिलेले दोन शब्द.

अर्ज ऐसा की, उसाला जसा गाळपाचा हंगाम असतो, तसा आम्हा अर्ज लिहिणाऱ्यांना दाखल्यांचा हंगाम असतो. जून उजाडतो, निकाल लागतात आणि कचेरीसमोरच्या ताडपत्रीखाली माझ्या टेबलाभोवती आईबापांची गर्दी जमते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचा कागद आणि त्या कागदात गुंडाळलेला सगळा संसार. ओली छत्री, भिजलेली खाकी पाकिटे आणि शिक्क्याची जांभळी शाई यांचा मिळून जो वास तयार होतो, तो वर्षातून याच दोन महिन्यांत येतो. इतरांना तो पावसाचा वास वाटत असेल. मला तो कुणाचे तरी काहीतरी ठरायचे राहिल्याचा वास वाटतो.

परवा गडहिंग्लजकडच्या एका गृहस्थांचा रहिवासाचा अर्ज लिहीत होतो. तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला. तिचे पुण्याचे शिक्षण पुरे झाले आहे. आता ती आणखी वर, उत्तरेकडच्या एका संस्थेत जाऊ पाहते आहे, जिथे देशभरातून मोजकीच मुले घेतात. तिथली यादी अजून लागायची आहे, मात्र पुण्याचा दाखला आधीच काढून तयार ठेवायचा आहे. तिने इकडचे तिकडचे काही विचारले नाही. एवढेच विचारले, "अण्णा, टीसीच्या अर्जात कारणाचा रकाना हाय. काय लिहू?"

माझे पेन कागदावर टेकलेले होते, ते तसेच राहिले. शाईचा ठिपका मोठा होत गेला. समोरचे गृहस्थ म्हणाले, "काय झालं वो पावणं, लिवा की." मी तिला नंतर सांगतो म्हणालो. तीस वर्षांत कारणाच्या रकान्यापाशी मी पहिल्यांदाच थांबलो.

हे का, ते सांगण्यासाठी मला माझी विद्या थोडी उघड करावी लागेल. माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, ही गोष्ट कचेरीत शिपायापासून वरपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. लोकांना वाटते, ते माझ्या अक्षरामुळे. अक्षर चांगले आहेच. पण खरी मेख कारणात आहे. माणूस टेबलापाशी येतो तो खरे कारण घेऊन येतो, आणि खरे कारण कधीही कामाचे नसते. भावाशी बोलणे बंद झालेले असते, म्हणून शिधापत्रिकेतून नाव वेगळे करायचे असते. अर्जात 'विभक्त राहत असल्याने' असे जाते. सुनेला सासूचा फोटो भिंतीवर नको असतो, तोही मजकूर मी एकदा 'जागेच्या अभावी' असा लिहिलेला आहे. साहेबांना कारण पटावे लागत नाही. त्यावर बोट ठेवता येऊ नये, इतकेच पुरते. आणि बोट ठेवता येणार नाही असे एकच कारण या पृथ्वीवर आहे, ते म्हणजे 'घरगुती अडचण'. कोणता साहेब विचारणार की बाबा, तुझ्या घरात काय चालले आहे?

आमच्या धंद्यात 'सबब' हा शब्द पदोपदी लागतो. अर्जात सबब म्हणजे म्हणून. सगळी हकीकत मांडून झाली की 'सबब विनंती की' असे लिहायचे आणि खाली मागणे मांडायचे. घरात मात्र सबब म्हणजे बहाणा. मंगल मला म्हणते, सबबी सांगत बसू नका. एकाच शब्दाने मी दिवसभर लोकांची कामे करतो आणि संध्याकाळी त्याच शब्दाचा आरोप माझ्यावर येतो. यातली गंमत मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत कळत नव्हती.

त्या वर्षी ऋतुजा इथल्या एका महाविद्यालयात पहिले वर्ष पास झाली होती. विषय भूगर्भशास्त्र. आमच्या घराण्यात हा शब्द नीट उच्चारणारी ती पहिली. त्या महाविद्यालयात दगडांचे एक कपाट होते, कपाटाला काच होती, आणि काचेला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते सर दीर्घ रजेवर होते. वर्षभर पोरीने दगड काचेतून पाहिले. मग ती स्वतःच आणू लागली. पन्हाळ्याच्या वाटेवरचा जांभा, नदीकाठचा काळा कातळ, राधानगरीकडून मैत्रिणीने आणलेली गारगोटी. खिडकीत सात दगड ओळीने मांडलेले. धूळ पुसायला गेले की मंगलला ती ओरडे, क्रम बदलू नको म्हणून.

मग कोठून तरी तिला कळले की पुण्याच्या एका विद्यापीठात मुलांच्या हातात हातोडा देतात आणि डोंगरावर नेतात. थेट दुसऱ्या वर्षाला तिथे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जागा रिकाम्या असतात. त्यासाठी लेखी परीक्षा, अर्जासोबत एक निबंध आणि मग मुलाखत. लेखी परीक्षा ती पास झाली. ते कळले तेव्हा मंगल भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दगडं बघाय पुण्याला जायचं? हितं काय कमी हाईत व्हय?" ऋतुजा हसली. मी हसलो नाही. कारण मुलाखतीच्या पत्राची शेवटची ओळ मी वाचली होती. येताना जुन्या महाविद्यालयाचा मूळ दाखला सोबत आणावा.

मे. वाचकांनी या ओळीचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. तिकडे घेतील की नाही हे कळण्याच्या आधी इकडचे सोडायचे. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की हातातला कागद सोडण्याआधी दुसऱ्या कागदाची पोच घ्या. आणि इथे पोच नव्हती.

ऋतुजाच्या महाविद्यालयातले कारकून साळोखे माझे जुने ओळखीचे. त्यांनी खिडकीतून बाहेर डोके काढून दोन्ही बाजूंना पाहिले आणि आवाज खाली आणला. "चौगुले, इचार करून सांगतोय. एकडाव टीसी फाडली की शीट गेली बघा. वेटिंगवरची पोरगी बापाला घिऊन रोज दारात हुबी ऱ्हातीया. तुमचं तिकडं झालं न्हाई, तर माझ्याकडं येऊ नका. मला तुमास्नी न्हाई म्हनाय जमायचं न्हाई."

खरोखरच व्हरांड्यात एक मुलगी बापाबरोबर उभी होती. तिने आमच्या हातातल्या कोऱ्या अर्जाकडे पाहिले, आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

अर्ज मीच लिहिला. दुसरे कोण लिहिणार? बाकावर बसून, गुडघ्यावर फाइल ठेवून, सुबक अक्षरात. महाविद्यालय सोडण्याचे कारण : घरगुती अडचण. लिहिताना हात क्षणभरही अडला नाही. हे दोन शब्द माझ्या हाताला इतके सवयीचे आहेत की ते लिहिताना मी विचार करत नाही, सहीचा करत नाही तसाच.

ऋतुजाने खांद्यावरून वाचले. "अण्णा, आपल्या घरात अडचण कुठली?"

मी म्हणालो, अडचण असावी लागत नाही, लिहावी लागते.

"मग खरं लिवूया की. चांगलं शिकाय मिळतंय म्हणून चाललोय."

मी तिला समजावले की तसे लिहिले तर प्राचार्य विचारतील, आमच्याकडे वाईट शिकवतात काय, आणि सही न करता पेन खाली ठेवतील. तिच्या पर्समध्ये नेहमी एक लहान दगड असायचा. तो काढून ती अंगठ्याने घासत राहिली. साळोख्यांनी माझे दोन शब्द जसेच्या तसे दाखल्यावर उतरवले, शिक्का मारला. शिक्का ओला होता म्हणून मी त्यावर फुंकर घातली. त्या फुंकरीची आज मला लाज वाटते.

मुलाखतीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत दोनच गोष्टी चालू होत्या. बाहेर नदी आणि आत क्रियापदे.

नदीचे कोल्हापूरकरांस सांगायला नको. राधानगरीचे दरवाजे उघडले की इथे प्रत्येक माणूस हिशेबनीस होतो. कचेरीत, चहाच्या गाडीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकच विषय. किती फूट, किती इंच, किती वाजता. मी रोज सकाळी पुलाकडे जाऊन येई. पाणी तपकिरी, दाट, वर काहीबाही वाहून येणारे. शिरोलीपाशी पाणी रस्त्यावर आले की पुण्याकडची वाट बंद. कारखान्यांचे कामगार तिकडून परत येताना सांगत की सेवारस्त्याला पाणी टेकले आहे. कुणी म्हणे, आजचा दिवस. मी घरी येऊन काही बोलत नसे, पण मंगल माझ्या चपला पाही आणि किती ओल्या आहेत त्यावरून ओळखे.

क्रियापदांचे असे की आमच्या कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. माझी आई म्हणे, मंगल म्हणते, ऋतुजाही बोलायला लागल्यापासून तसेच. पुण्यात मुलाखतीत हसतील, अशी तिने धास्ती घेतली. ती आरशापुढे उभी राहून म्हणे, मी येते, मी जाते, मी वाचते, मी अभ्यास करते. मंगल आतून विचारी, जेवतीस काय? ती म्हणे, "जेवतो", आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेई. "जेवते, जेवते, जेवते." मला ते ऐकवत नसे. पोरगी एका गावातून दुसऱ्या गावी जाते हे मला समजत होते. ती एका क्रियापदातून दुसऱ्यात चालली होती, त्यासाठी कोणता दाखला लागतो ते मला माहीत नव्हते.

पाण्याच्या भीतीने आम्ही एक दिवस आधीच निघालो. एस.टी. शिरोलीवरून गेली तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेतांत नुसते पाणी होते आणि उसाचे शेंडे तेवढे वर. रस्ता मध्येच एखाद्या बांधासारखा. ऋतुजा ओठ हलवत होती. येते, जाते, असेल.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यापीठाच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलो होतो. इतर पालकही होते. एक बाई इंग्रजी वर्तमानपत्र वाचत होत्या, एक गृहस्थ पायावर पाय टाकून लॅपटॉपवर काही करत होते. मी माझी फाइल मांडीवर धरली होती. कचेरीत मी फाइल धरली की लोक मला वाट देतात. तिथे कुणाला ती दिसलीसुद्धा नाही. दाराच्या फटीतून ऋतुजाचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एकदा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग आत कुणीतरी हसले. ते हसणे कसले, हे ठरवण्यासाठी मी नंतरचे अकरा दिवस खर्ची घातले.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. आम्ही फाटकापर्यंत आलो. मग ती म्हणाली, "त्यांनी टीसी मोठ्यानं वाचली, अण्णा. म्हणाले, निबंधात लिहिलंय खडकांचा अभ्यास करायचा म्हणून कॉलेज सोडलं. इथं लिहिलंय घरगुती अडचण. यातलं खरं कुठलं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं."

पुढे एक अक्षर नाही. मीही विचारले नाही. ज्याच्या अर्जावर कधी बोट ठेवले गेले नाही, त्याच्या अक्षरावर पहिले बोट ठेवले गेले, आणि ते ज्या पानावर ठेवले गेले त्या पानावर माझ्या मुलीचे नाव होते.

परतीच्या बसला पुलाच्या अलीकडे पोलिसांनी थांबवले. पाणी बघून सोडतो म्हणाले. आम्ही बसमध्ये बसून राहिलो. मागे पुणे, पुढे पाणी. ऋतुजाने खिडकीच्या काचेवर बोटाने रेघ ओढली आणि माझ्याकडे न बघता विचारले, "दाखला परत दिऊन ॲडमिशन माघारी मिळती काय?" तिला उत्तर माहीत होते. ती वेटिंगवरची मुलगी एव्हाना ऋतुजाच्या बाकावर बसत असणार.

आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाला सांगितलेले नाही, मंगललाही नाही. तरी ते या अर्जाचा भाग समजण्यात यावे.

माझा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्या पेटीत आहे. गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात शाळा नववीपर्यंतच होती. दहावीला गडहिंग्लजच्या मोठ्या शाळेत जावे लागे. माझ्या दाखल्यावर कारण लिहिलेले आहे : घरगुती अडचण. लोक विचारतात, तुम्ही इतके हुशार, पुढे का शिकला नाही? मी म्हणतो, परिस्थिती. लोक हळहळतात आणि मला बरे वाटते. परंतु त्या वर्षी आमच्या घरात कोणतीही अडचण नव्हती. वडिलांनी माझ्यासाठी नवी वही आणून ठेवली होती. आईने डबा कोणता द्यायचा हेही ठरवले होते. मी एकदा जाऊन ती शाळा बाहेरून पाहून आलो होतो. दुमजली इमारत, चकचकीत बूट घातलेली मुले, आणि फाटकातच दोघे इंग्रजीत काहीतरी बोलत होते. मी फाटकातून परत फिरलो. तिथे मला विचारले आणि मला सांगता आले नाही तर, या एका विचाराने मी परत फिरलो. गुरुजींनी कारण विचारले तेव्हा मी खाली बघून म्हणालो, घरगुती अडचण. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि लिहिले. कुणी बोट ठेवले नाही.

तेव्हापासून मी तेच कारण सर्वांना वाटत आलो. माझ्या भीतीला मी घराचे नाव दिले, आणि ते इतके शोभले की मी त्याचा धंदा केला. आणि जी पोरगी दुमजली इमारतीची भीती असूनही फाटकातून आत गेली, तिच्या हातातही मी नकळत माझाच दाखला दिला. बस पाण्यापाशी थांबलेली असताना हे मला समजले. समजून उपयोग नव्हता. शाई वाळलेली होती.

रात्री उशिरा बस पलीकडे सोडली, आणि दुसऱ्या दिवशी मी साळोख्यांकडे गेलो. आयुष्यभर मी लोकांचे दुरुस्तीचे अर्ज लिहिले आहेत. आडनावातला ऱ्हस्व दीर्घ करून दिला आहे, जन्माचा महिना बदलून दिला आहे. म्हटले, कारण दुरुस्त करून द्या. साळोखे आधी हसले. मग माझे तोंड पाहून थांबले.

"चौगुले, नाव दुरुस्त हुतंय. जन्मतारीख हुती. कारन कुठं हुतंय? एकदा दिलं ते दिलं."

ते अकरा दिवस कसे गेले याचे वर्णन करण्यास माझ्याजवळ अर्जाची भाषा अपुरी आहे. नदी हळूहळू उतरली. घराघरांत गाळ काढण्याचे काम चालू झाले. शेजारी विचारत, काय झालं ऋतुजाचं, आणि मंगल म्हणे, बघूया. मी टेबलावर बसे, पण लोकांना कारण विचारताना माझी जीभ अडखळू लागली. एका म्हाताऱ्याला मी म्हणालो, बाबा, खरं काय ते सांगा. तो दचकला. म्हणाला, त्येच लिव्हाय लागंल व्हय? ऋतुजा खिडकीतले दगड उचलून पुन्हा तिथेच ठेवी. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला काही सबब सांगता आली असती.

यादी आली तेव्हा मी ताडपत्रीखाली होतो. तिने फोनवर काही बोलण्याआधी मोठा श्वास घेतला, तो मला ऐकू आला. तिचे नाव यादीत होते, शेवटून दुसरे. मी समोरच्या माणसाला सांगितले की आज अर्ज होणार नाही, आणि टेबल उघडे टाकून घरी चालत गेलो. वाटेत मला कुणी हाक मारली असल्यास माफी असावी.

ती गेली. खिडकीत दगड राहिले. पुढच्या वर्षी लोणचे घालताना मंगलने त्यांतला काळा कातळ धुऊन, उन्हात वाळवून बरणीत फोडींवर दाबायला ठेवला. मी म्हणालो, तिचा क्रम मोडला. मंगल म्हणाली, "मोडू दे की. तेवढंच ती लोणच्याला हात लावल्यागत." हळूहळू फोनवरची ऋतुजा 'जेवते' म्हणू लागली. आधी मला ते आरशापुढचे वाटले, मग ते खरे झाले. मंगलने कान टवकारून ऐकले आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, पोरगी जेवते म्हणाली बघा. बस्स, इतकेच. ऋतुजाच्या ताटाची जागा अजून भिंतीशी मोकळी असते. आम्ही दोघे दोन बाजूंना बसतो आणि मध्ये कुणी बसत नाही.

आता परवाच्या फोनकडे येतो. मी नंतर सांगतो म्हणालो होतो, म्हणून संध्याकाळी परत लावला. कारण सांगण्याआधी मी तिला विचारले, त्या दिवशी त्या खोलीत तू काय सांगितलेस? दोन वर्षे मी हे विचारायचे टाळले होते.

ती म्हणाली, "मी म्हटलं, सर, दोन्ही खरं आहे. अडचण आधी नव्हती. मी निघालो की घरात सुरू होणार आहे. अण्णांनी ती आधीच लिहून ठेवली."

आणि त्या खोलीत हे सांगताना तिच्या तोंडून 'निघालो' गेले. आठ दिवस आरशापुढे घोकलेले सगळे त्या एका शब्दात वाहून गेले. तेव्हा एक मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, कोल्हापूरची का गं तू? दाराच्या फटीतून मला जे हसणे ऐकू आले होते, ते हे होते.

माझे खोटे कारण माझ्या मुलीने एका वाक्यात खरे करून दिले होते. मला ते तीस वर्षांत एकदाही जमले नाही. आणि मी मात्र ते हसणे दोन वर्षे माझ्या नावावर जमा करून बसलो होतो.

"मग या खेपेला काय लिहू, सांगा की," ती म्हणाली.

त्याचे उत्तर मी तोंडी दिले नाही. तोंडी उत्तराची नोंद राहत नाही. ते येथे देत आहे.

सबब, आणि येथे हा शब्द मी बहाण्याच्या नव्हे, कचेरीच्या अर्थाने वापरतो, जाबदार कु. ऋतुजा हिला विनंती करण्यात येते की, सदर रकान्यात तिने स्वतःच्या हाताने खरे ते लिहावे. पुढे शिकायचे आहे, असे लिहावे. तिथले साहेब पेन खाली ठेवतील तर ठेवू द्यावे. ते परत उचलतात. उत्तरेकडच्या त्या संस्थेत घेतील की नाही याची पोच यावेळीही हातात नाही, आणि त्यामुळे अर्जदाराची झोप पुन्हा उडालेली आहे, ही बाब खरी आहे. तथापि ती रकान्यात नमूद करण्याचे कारण नाही. घरची अडचण घरात आहे, ती खरी आहे, आणि ती आता कोणत्याही दाखल्यावर लिहू नये. ती आमच्याकडे राहू द्यावी. आम्ही ती भिंतीशी मोकळी ठेवलेली आहे.

अर्जदाराच्या स्वतःच्या दाखल्यावरील कारणाची दुरुस्ती करून देण्यास आता कोणी अधिकारी उरलेला नाही. सबब वरील कबुली हीच दुरुस्ती समजण्यात यावी, व जाबदार हिने ती वाचून बापाबद्दलचे आपले मत काय झाले ते कळवावे. मत प्रतिकूल असल्यासही चालेल. मात्र उत्तर लेखी असावे, फोनवरचे ग्राह्य धरले जाणार नाही. दिवाळीला येण्याबाबतचा खुलासा त्याच पत्री करावा. त्यात 'येते' असे लिहिल्यास तक्रार नाही. 'येतो' असे लिहिल्यास अर्ज मंजूर झाला असे समजून आम्ही दोघे तिचे ताट भिंतीशी मांडून ठेवू.

वरील सर्व मजकूर अर्जदाराने स्वतः लिहिला असून तो खरा आहे. कारणासहित.